भिंतीवरचा घोडा

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

आठ वर्षं ना पत्र ना फोन, आणि आता लिहायला बसले तर माफी पहिल्या ओळीत मागायची की शेवटच्या, यातच तीन कागद गेले. पहिल्या ओळीतच मागते. उशिराबद्दल मागते. बाकी कशाकशाबद्दल मागायची ते माझं अजून ठरलेलं नाही, आणि न ठरवता मागितलेली माफी तुझ्याकडे चालत नाही.

रविवारच्या पुरवणीतला फोटो तू पाहिला असशील. तुझ्या बुद्धिबळातल्या अजिंक्यपदाला पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांनी जुन्या पेटाऱ्यातून काढून छापला. टेबलाशी तू, समोर तुझा प्रतिस्पर्धी. मागे भिंतीवर प्रेक्षकांसाठी लावलेला मोठा पट आणि पटाशी हातात लांब काठी घेतलेली, पाठमोरी मी. वीस वर्षांची. वेणी तेवढी ओळखू येते. तू मान वर करून भिंतीकडे बघतो आहेस आणि तुझं तोंड मिटलेलं आहे.

बुधवारी कुणा निवृत्त चित्रकला शिक्षकांचं पत्र छापून आलं. त्यांनी भिंग लावून पाहिलं म्हणे. टेबलावर घोडा जुन्या घरात आहे आणि भिंतीवर नव्या घरात. म्हणजे त्या मुलीने घोडा आधीच हलवला, ते बघून विजेत्याला कळलं की आपण पकडले गेलो, आणि मग त्याने कबुली दिली. यात प्रामाणिकपणा कुठला, असा त्यांचा प्रश्न आहे. सभ्य भाषेत विचारला आहे, म्हणून जास्त लागला.

तेव्हापासून लोक मला विचारतात, कारण तू कुणाला काही सांगत नाहीस. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तुझं कुलपाच्या जाहिरातीचं कॅलेंडर असतं ना, ‘विश्वास म्हणजे विश्वास’ वालं? दुकानदाराने ते काढलेलं नाही. फक्त भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. मी विचारलं तर म्हणाला, “ताई, निकाल लागला की सरळ करतो.”

काल पाठ्यपुस्तकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. पाचवीतला तुझ्या प्रामाणिकपणाचा धडा नव्या आवृत्तीत ठेवायचा की वगळायचा ते महिनाअखेर ठरेल. त्यांना माझं दोन ओळींचं निवेदन हवं आहे, सहीसकट, की मी प्रत्यक्ष हजर होते आणि धड्यात लिहिलंय तसंच घडलं. “तुम्ही सख्ख्या बहीण,” त्या म्हणाल्या, “तुम्ही लिहून दिलंत की विषय मिटला.”

मी त्यांना उत्तर दिलेलं नाही. का दिलेलं नाही हे तुला ठाऊक आहे. जगात तुला एकट्यालाच ठाऊक आहे, कारण त्या शिक्षकांचा प्रश्न मी तुला आठ वर्षांपूर्वी विचारला होता. त्यांच्याइतक्या सभ्यपणे नाही.

तुझी,
काठी


९ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तो दिवस तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझ्या जागेवरून तो कसा दिसला ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही.

तू खेळलास की मी मागच्या पटावर तीच खेळी काठीने करायची, एवढं माझं काम. प्रत्येक मोहऱ्याला वर कडी, प्रत्येक घराला हूक. सकाळी दोनदा मी मागे पडले होते आणि पंचांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, “बाई, लोक तुमच्याकडे बघून खेळ बघतात. झोपलात का?” त्यामुळे दुपारी मी टपून उभी होते. तुझा हात घोड्याकडे गेला, घोडा बोटभर उचलला गेला, आणि त्याला जायला एकच घर होतं. मी वळले आणि हलवला.

पुन्हा फिरले तर टेबलावर घोडा जागच्या जागी. तू तो परत ठेवला होतास. आणि तू भिंतीकडे बघत होतास.

मग तू पंचांना बोलावलंस. म्हणालास, “मी घोड्याला हात लावला आहे.” लावला म्हणजे खेळायचा, हा नियम. तू खेळलास आणि डाव गेला. टेबलावरचा घोडा माझ्या घोड्याच्या घरात येऊन बसला, त्यामुळे माझी चूक कुणालाच दिसली नाही. पट दहा-वीस सेकंद खोटा होता आणि मग खरा झाला. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक डावात तू जिंकलास, पण लोकांनी लक्षात ठेवला तो हरलेला डाव.

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं. कुलूप, धडा, सोसायट्यांच्या निवडणुकीत मतं मोजायला तू, भावाभावांच्या वाटण्यांत मधे तू. लग्नाच्या बोलणीला लोक तुला नेऊन बसवायचे, म्हणजे कुणी मुलाचं वय चोरणार नाही. वहिनी म्हणायची, “जगाला प्रामाणिक माणूस मिळाला, मला मात्र इतक्या वर्षांत ‘भाजी छान झाली’ असं एकदा ऐकायला मिळालं नाही.” तू गंभीरपणे म्हणायचास, “कधी झाली तर म्हणेन ना.” आपण किती हसायचो.

मग मी काम करते त्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली ती चौकशी आली. दोन रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या गेल्या आणि एका बाईला नको ते औषध सुरू झालं. बाई वाचली. दोष आला माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या ताईवर. चिठ्ठ्या छापणारं यंत्र एकच नाव दोनदा छापतं, अशी लेखी तक्रार आम्ही तीनदा केली होती. तिन्ही तक्रारी कागदपत्रांना जोडल्या होत्या. चौकशीचा अध्यक्ष म्हणून तुझं नाव जाहीर झालं तेव्हा ताईने प्रयोगशाळेत पेढ्याचा पुडा फिरवला. “तुझा दादा आहे म्हटल्यावर मला काळजी नाही गं.”

तीन बैठका झाल्या, अहवालावर तुझी सही आली, ताईची नोकरी गेली. पेपरांनी एक प्रश्न विचारला नाही. तुझी सही होती ना.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आले. तू जेवत होतास, वहिनीच्या हातात वाढायचा डाव होता. मी म्हणाले, “तू वाचलास तरी का तो अहवाल?” तू पोळीचा तुकडा मोडलास. मग मी ते म्हणाले. “तुझा प्रामाणिकपणा मी पाहिलाय. त्या दिवशी मी घोडा हलवला नसता तर तू तोंड उघडलं असतंस का?”

तू ताटावरून उठलास, हात धुतलेस आणि आत गेलास. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले.

तेव्हापासूनचे आपण हे असे. आता माझ्यापुढे कोरा कागद आहे आणि त्यावर मला दोन ओळी लिहायच्या आहेत. धड्यासारखंच लिहिलं तर माझ्या लेखी ते खोटं. माझ्या मनातलं लिहिलं तर तू संपलास. काहीच लिहिलं नाही तर लोक काय समजायचं ते समजतील.

काठी


१५ फेब्रुवारी

दादा,

माझी उजवीकडची खालची दाढ तीन आठवडे ठणकते आहे. हे खरं आहे. पण माझ्या घराजवळ दोन दंतवैद्य असताना मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात गेले, ते दाढेसाठी नाही. तुझा तो प्रतिस्पर्धी तिथे दात काढतो.

त्यांचे केस सगळे गेलेत. मला बघून म्हणाले, “तुम्ही त्या काठीवाल्या ना?”

“हो. दाढ दुखतेय.”

“किती दिवस?”

“तीन आठवडे.”

“आणि फोटो छापून येऊन किती झाले?”

“दोन.”

“मग दाढ खरी म्हणायची. या. उघडा तोंड.”

तोंडात आरसा, नळी आणि कापूस गेल्यावर त्यांनी दिवा खाली ओढला. “आता बोलू नका. पंचवीस वर्षं तुमच्या घरचंच माणूस बोलतंय, जरा मी बोलतो. धड्यात मी आहे. ‘प्रतिस्पर्धी.’ नाव नाही, गाव नाही. पोरं या खुर्चीत बसतात आणि विचारतात, काका, तुम्हीच का ते प्रतिस्पर्धी? मी म्हणतो हो. मग रडायची थांबतात. तेवढा उपयोग आहे माझा. पण ते वाक्य आहे ना, ‘हे कोणीही पाहिले नव्हते’? मी समोर दोन हातांवर बसलो होतो. आंधळा होतो का? दुखतंय? डावा हात वर करा दुखलं तर. घोडा उचलला, ठेवला, मी बघितलं. मी तक्रार करणारच होतो. पंचांकडे वळलो तर पंच चहा पीत होते. तेवढ्यात टक् झालं. घड्याळ. त्याने घड्याळ थांबवलं. पंचांना बोलवायचं तर आपल्यात आधी घड्याळ थांबवतात, तुम्हाला माहीतच आहे. आणि मग त्याने मान वर केली, तर भिंतीवर तुमची काठी.”

मी डावा हात वर केला.

“दुखलं?”

मी नाही अशी मान हलवली आणि तोंडातलं सगळं बाहेर काढायची खूण केली.

“थुंका आधी.”

“आधी घड्याळ?” मी विचारलं. अर्धा ओठ बधिर होता.

“आधी घड्याळ. मग मान.”

“हे तुम्ही कुणालाच कसं सांगितलं नाहीत?”

“विचारलं कुणी? विजेत्याला विचारतात लोक. हरलेला काय सांगतो, त्याला कोण पुसतो?” मग हातमोजे काढता काढता म्हणाले, “पण ताई, एक सांगतो. मी पंचांकडे वळलो हे त्याला दिसलं असेल. म्हणून घड्याळ थांबवलं असेल. नसेलही. मी माणसाचे दात बघतो, त्याच्या पलीकडचं मला दिसत नाही.”

फोटोत घड्याळ आहे का, ते मी घरी येऊन पाहिलं. घड्याळाच्या पुढे पाण्याचा जग आला आहे.

काठी


१८ फेब्रुवारी

दादा,

आज मी एक वेडेपणा केला. स्वयंपाकघरात कपडे वाळत घालायची दोरी बांधली, तिला दोन हूक लावले आणि झाडूच्या दांड्याने कडी अडकवून पाहिली. नवऱ्याला टेबलाशी तुझ्या जागी बसवलं आणि हातात घड्याळ दिलं. तो म्हणाला, “मी प्रामाणिक माणूस म्हणून बसू की नुसताच बसू?”

“नुसता बस आणि मोज.”

वळायचं, काठी वर न्यायची, कडी सोडवायची, दुसऱ्या हुकात घालायची, परत फिरायचं. पाच वेळा केलं. सरासरी नऊ सेकंद.

नऊ सेकंद माझी पाठ होती, दादा.

माझी त्या दिवसाची रोजनिशी काढली. त्यात चार वाक्यं आहेत. ‘दादाने घोडा उचलला. मी पटावर हलवला. दादाने वर पाहिले. मग पंचांना बोलावले.’ पंचवीस वर्षं मी या चार वाक्यांना पुरावा समजत आले. पण तिसऱ्या वाक्याच्या आधी काय झालं ते मला दिसूच शकत नव्हतं. हूक घासल्याचा आवाज कानाशी होता, त्यामुळे टक् ऐकू येणंही शक्य नव्हतं. प्रयोगशाळेत नवीन मुलींना मी पहिल्या दिवशी सांगते की काचपट्टीवर जंतू दिसले नाहीत तर ‘नाहीत’ असं लिहायचं नाही. ‘तपासलेल्या भागात आढळले नाहीत’ असं लिहायचं. एकीने उलट लिहिलं तर मी कागद परत करते. स्वतःचा कागद मात्र कधी परत केला नाही.

का केला नाही, तेही लिहून टाकते, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. मला ते तसंच हवं होतं. सगळं जग तुला मानत होतं आणि त्यात माझा वाटा काठी धरण्याइतकाच होता. पण तू भिंत बघून बोलला असशील, तर तुला खरं बोलायला लावणारी मी ठरत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण सतरा वर्षं मनाशी जपलं, आणि ताईची नोकरी गेली त्या संध्याकाळी तुझ्या ताटाशी येऊन फेकलं.

पहिल्या पत्रात म्हटलं होतं, कशाकशाबद्दल माफी मागायची ते ठरलेलं नाही. यातलं एक ठरलं. त्या दिवशी मी तुला प्रश्न विचारला नव्हता. न पाहिलेली गोष्ट पाहिल्यासारखी सांगितली होती. त्याची माफी मागते. अहवालाबद्दल विचारलं त्याची मागत नाही.

काठी


२५ फेब्रुवारी

प्रिय दादा,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर ओळखून मी ते कामावर नेलं आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत फोडलं नाही. आता पाठ झालंय. तरी तुझी वाक्यं इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे मला सोयीनं आठवायला नको.

‘काठी, चारही पत्रं मिळाली. डॉक्टर म्हणतात तसं मी घड्याळ आधी थांबवलं असेल. तू म्हणायचीस तसं भिंत बघून बोललो असेन. मला आठवत नाही. ही गोष्ट मी इतक्या व्यासपीठांवर सांगितली की मला आता भाषण आठवतं, तो दिवस आठवत नाही. भाषणात मी भिंतीकडे बघतच नाही. फोटो छापून आला तेव्हा मलाच धक्का बसला की मी बघितलं होतं.

‘तू त्या संध्याकाळी विचारलंस तेव्हा मी उठलो तो रागाने नाही. आतल्या खोलीत बसून आठवून बघत होतो. तुला खरं उत्तर द्यायचं होतं. सापडलं नाही, तर सापडलं नाही असं सांगायला बाहेर आलो. तोवर तू गेली होतीस. नंतर फोन करून काय सांगणार? प्रामाणिक माणसाला आठवत नाही, हे मला फोनवर म्हणवेना. मग दिवस गेले.

‘अहवालाचं मात्र मला नीट आठवतं. एकशे बारा पानं होती. मी शेवटची तीन वाचली. त्यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तुमची सही झाली की प्रश्न मिटला. मला ते बरं वाटलं. तुमच्या तक्रारी जोडलेल्या होत्या हे मला तुझ्या पत्रातून कळलं. ज्यांची नोकरी गेली त्या बाई आता कुठे असतात? मला त्यांना भेटायचं आहे. आणि त्या तीन पानांबद्दल मला पेपरात लिहायचं आहे. घोड्याबद्दल नाही. आधी त्यांना भेटेन, मग लिहीन.’

खाली वहिनीची ओळ आहे. ‘हे आता “आठवत नाही” म्हणायला लागले. भाजीपर्यंतही पोचतील कधीतरी. घरी ये.’

मी जेवणाचा डबा न उघडता परत आणला.

संपादिकाबाईंना माझं निवेदन आज टपालात टाकलं. दोन ओळींचं झालं नाही. ‘मी त्या दिवशी भिंतीवरच्या पटाशी होते. घोडा उचलला गेला ते मी पाहिले. समोरच्या खेळाडूनेही पाहिले. माझ्या चुकीने भिंतीवरचा घोडा आधीच हलवला गेला. तो हलवताना सुमारे नऊ सेकंद माझी पाठ टेबलाकडे होती. त्या वेळात काय झाले ते मी सांगू शकत नाही. मी वळले तेव्हा माझा भाऊ भिंतीकडे पाहत होता आणि नंतर त्याने पंचांना बोलावून सांगितले. धड्यातील “हे कोणीही पाहिले नव्हते” हे वाक्य काढावे.’

डॉक्टरांनी आपला कागद वेगळा दिला, घड्याळासकट. सही करताना म्हणाले, “आता तरी नाव छापतील का, की ‘दंतवैद्य’?”

टपाल पोचायच्या आधी मी संपादिकाबाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “अहो, पण ते वाक्य काढलं तर धड्यात उरतं काय?”

“त्याने हात लावला आणि सांगितलं. एवढं उरतं.”

“एवढ्यावर मुलं काय शिकणार?”

शेवटी समिती ठरवेल म्हणाल्या. धडा राहील असं वाटत नाही. कोपऱ्यावरचं कॅलेंडर सरळ होईल असंही नाही. तुझ्या पेपरातल्या पत्रानंतर तर नाहीच. तू हे सगळं जाणूनच ताईचा पत्ता विचारतो आहेस, ते मला कळलं.

ताई कुठे असते, तू विचारलंस. मला माहीत नाही. तिची नोकरी गेली त्या महिन्यात मी दोनदा तिच्याकडे गेले. तिसऱ्या वेळी दाराला कुलूप होतं. त्यानंतर मी तिला शोधलं नाही. तुझ्यावर रागावून बसले, आणि तेवढ्यानं तिच्या बाजूने आपण काही केलं असं मला आठ वर्षं वाटत राहिलं. हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

तिचं घर बंद असलं तरी तिची कागदपत्रं आमच्याच इमारतीत, दोन मजले खाली आहेत. आस्थापना विभागातली कारकून माझ्याबरोबर बसने येते. आठ वर्षं रोज येते.

वहिनीला सांग, मी येते. पण एकटी नाही येणार, असं मनात आहे.

तुझी,
काठी

उद्या: साडेदहाला आस्थापना विभागात जाऊन ताईचा पत्ता मागणे.